थेट निखाऱ्यावर मटण भाजताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

थंडी पडली की आमच्या खानदेशात, जळगाव जिल्ह्यातल्या यावल-रावेरच्या पट्ट्यात, मळ्यामळ्यात भरताच्या पंगती बसतात. वांगी भाजून होतात, जाळ खाली बसतो, मागे लालभडक निखारे उरतात. त्यावर आम्ही गेली काही वर्षं मटणाच्या चापा, म्हणजे बरगडीचे हाडासकट तुकडे, भाजतो. जाळी नाही, सळई नाही, तुकडा सरळ निखाऱ्यावर ठेवायचा. बघणारा प्रत्येक पाहुणा तेच तेच प्रश्न विचारतो, म्हणून उत्तरं एकदाची सविस्तर लिहून ठेवतो आहे.

थेट निखाऱ्यावर? मटणाला राख लागत नाही का?

लागते, पण वाटते त्याहून फार कमी. दोन गोष्टी पाळल्या तर जवळजवळ लागतच नाही. पहिली, तुकडा ठेवण्याआधी निखाऱ्यांवरची राख पुठ्ठ्याने किंवा सुपाने वारा घालून उडवून लावायची. दुसरी, मटणाचा पृष्ठभाग कोरडा हवा. राख चिकटते ती ओलाव्याला. स्वच्छ सुती फडक्याने टिपून घेतलेला तुकडा निखाऱ्याला टेकला की त्याच क्षणी त्याच्यावर कडक कवच धरतं. मग उचलताना तो निखाऱ्यापासून सुटून येतो. एखादी ठिणगी किंवा बारका कोळसा चिकटलाच, तर चिमट्याने झटकला की खाली पडतो. चुलीत भाजलेला कांदा आपण फुंकर मारून, वरची साल काढून खातोच की. तेवढंच.

मात्र ही राख स्वच्छ लाकडाची असली पाहिजे. रंग दिलेल्या फळ्या, प्लायवूड, जुन्या खोक्यांच्या पट्ट्या जाळल्या असतील, तर त्या आगीवर काहीही भाजू नका, वांगंसुद्धा नाही.

मग जाळी वापरण्यात काय वाईट आहे?

वाईट काही नाही, पण गंमत वेगळी आहे. जाळी आणि निखारा यांच्यामध्ये बोट-दोन बोटं ते वीतभर अंतर असतं. चरबी वितळून खाली टपकते, मधल्या मोकळ्या हवेत पेट घेते आणि ज्वाळा वर येऊन मटण काजळून टाकते. तुकडा थेट निखाऱ्यावर बसला की खाली हवेला जागाच उरत नाही, त्यामुळे भडका कमी होतो. शिवाय लाल निखारा सहाशे-सातशे अंश सेल्सियसच्या घरात असतो, तर घरातला चांगला तापलेला लोखंडी तवा दोन-अडीचशेच्या आसपास. मटणावरची तपकिरी, खमंग साय धरायला साधारण १४० अंशांच्या पुढची उष्णता लागते, आणि पृष्ठभाग ओला असेल तर पाणी उडून जाईपर्यंत तापमान शंभराच्या वर चढत नाही. निखारा हे काम काही सेकंदांत उरकतो. म्हणून बाहेर कुरकुरीत आणि आत रसाळ हे दोन्ही एकाच तुकड्यात मिळतं. तव्यावर बाहेरची साय येईपर्यंत बारीक तुकडा आतून कोरडा पडलेला असतो.

हे परदेशी खूळ आहे का?

परदेशात ही पद्धत नक्कीच आहे. १९५३ ते १९६१ या काळात अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष असलेले ड्वाइट आयझेनहॉवर जाडजूड स्टेक निखाऱ्यांवर थेट टाकून भाजायचे, आणि त्यांच्या नावाने ही रीत तिकडे ओळखली जाते. तिकडचा स्टेक गोमांसाचा. महाराष्ट्रात २०१५ पासून गाय, बैल आणि वळू यांच्या कत्तलीवर कायद्याने बंदी आहे, त्यामुळे इथे मी फक्त बोकडाबद्दल बोलतो आहे.

पण निखाऱ्यात वस्तू थेट टाकून भाजणं खानदेशाला कुणी शिकवायला नको. काळ्या मसाल्याचा कांदा आणि खोबऱ्याची वाटी आपण कशावर भाजतो? चुलीतल्या इंगळावरच. माझी आजी खोबऱ्याची अख्खी वाटी चिमट्यात धरून निखाऱ्यावर टेकवायची. तेल सुटून कडेने निळसर जाळ धरला की फुंकर मारून विझवायची, फिरवायची, पुन्हा टेकवायची. वाटी बाहेरून काळी आणि आतून बदामी झाली की लगेच बाजूला. गावात बोकड कापलं की कलेजीचा पहिला तुकडा पोरांना निखाऱ्यावर भाजून मिळायचा, मीठ लावून, पळसाच्या पानावर. आम्ही चापा भाजतो ती त्याचीच पुढची पायरी आहे.

कोळसा कुठला घ्यावा?

लोणारी कोळसा, म्हणजे लाकडापासून केलेला. दगडी कोळसा कधीही नाही. भुसावळचं रेल्वे जंक्शन आणि दीपनगरचं औष्णिक वीज केंद्र यांच्यामुळे आपल्या भागात 'कोळसा' म्हटलं की काहींच्या डोळ्यासमोर दगडी कोळसाच येतो, म्हणून मुद्दाम सांगतो. त्यात गंधक असतं, त्याच्या धुरावर अन्न भाजायचं नाही, मग त्याला टेकवायची गोष्टच सोडा.

लोणारी कोळशात बाभळीचा उत्तम. जड असतो, निखारा घट्ट होतो, बराच वेळ टिकतो. वेडी बाभूळही चालते. दोन तुकडे एकमेकांवर आपटून बघा. चांगला जळालेला कोळसा काचेसारखा खणखणतो, कच्चा कोळसा लाकडासारखा बद्द वाजतो आणि पेटवल्यावर धुराने डोळे भरतो. तुकडे निदान मुठीएवढे हवेत. पोत्याच्या तळाचा चुरा बाजूला ठेवा, तो मटणाला चिकटतो.

बाजारात साच्यातून काढलेल्या एकसारख्या कोळशाच्या वड्याही मिळतात. त्यात चुरा बांधायला खळ वगैरे घातलेली असते आणि राखही जास्त पडते. जाळीखाली त्या ठीक आहेत. मटण टेकवायला नकोत.

पऱ्हाटीवर भागणार नाही का? भरीत तर त्यावरच होतं.

भरताला पऱ्हाटीला तोड नाही. कपाशीच्या वाळलेल्या काड्या भर्रकन पेटतात, मोठा जाळ देतात, वांग्याची साल सगळीकडून करपते आणि आतला गर वाफेवर शिजतो. २०१६ मध्ये जळगावच्या भरीत वांग्याला भौगोलिक मानांकन मिळालं. त्या वांग्याच्या चवीत या जाळाचा वाटा आहे, असं मी तरी मानतो. पण मटणाला जाळ नको, निखारा हवा, आणि पऱ्हाटीचा निखारा डोळ्यांदेखत राख होतो. तुराटीचंही तेच. गोवरीचा निखारा टिकतो, पण भुसभुशीत असतो आणि राख फार, म्हणून मटण टेकवायला उपयोगाचा नाही. आम्ही पऱ्हाटीवर वांगी भाजतो आणि त्याच जाळाने शेजारी कोळसा पेटवून घेतो. रॉकेल किंवा पेट्रोल ओतून कोळसा पेटवू नका. तो वास मटणात उतरतो आणि शेवटच्या घासापर्यंत जात नाही.

निखारा तयार झाला हे कसं ओळखायचं?

या सगळ्या कामात खरी कसोटी इथेच आहे, आणि बहुतेकांचं इथेच बिघडतं. भूक लागलेली असते, पाहुणे बसलेले असतात, आणि अर्धा कोळसा काळाच असताना मटण पडतं. मग धूर, कडवटपणा आणि अर्धकच्चा तुकडा.

कोळसा पेटवल्यापासून वीस ते तीस मिनिटं लागतात. एकही काळा तुकडा दिसता कामा नये. सगळ्यांवर पांढुरकी राख चढली पाहिजे आणि वारा घातला की राखेखालून एकसारखा लाल-केशरी रंग फुलला पाहिजे. जाळ पूर्ण बसलेला असावा. निळी ज्योत कुठे नाचत असेल तर अजून दोन मिनिटं. आजी याला म्हणायची, "इस्तो धरू दे." आमच्या अहिराणीत विस्तवाला इस्तो म्हणतात. तो धरला की नाही हे ती हात आडवा धरून बघायची. वीतभर उंचीवर हात दोन आकडे मोजेपर्यंतही टिकला नाही, तर निखारा तयार.

मग निखारे सपाट पसरा. थर चार बोटं जाड असावा, आणि पसारा मटणाच्या दुप्पट. दुप्पट का, तर जिथे तुकडा बसतो तिथला निखारा मटणाच्या ओलाव्याने आणि हवा तुटल्याने मंदावतो. उलटताना तुकडा त्याच जागी न ठेवता शेजारच्या ताज्या निखाऱ्यावर ठेवायचा असतो.

बोकडाचा कुठला भाग घ्यावा?

चापा. कवळ्या बोकडाच्या, आणि खाटिकाला सांगून जाड कापलेल्या. नेहमीची चाप एका हाडाची आणि बोटभर जाड असते, ती निखाऱ्यावर बघता बघता वाळते. दोन हाडं एकत्र ठेवून कापायला सांगा, म्हणजे जाडी दीड-दोन इंच येते. हाताशी धरायला हाडही राहतं. पुठ्ठ्याचं, म्हणजे कमरेजवळचं मांसही चालेल. खांदा, गर्दन, सीना, नळी यांत तंतू आणि पडदे खूप. ते मऊ व्हायला मंद आचेवर बराच वेळ लागतो, त्यांची जागा रश्श्यात. बोकडाच्या मटणात मुळातच चरबी कमी, त्यामुळे चापेच्या कडेची चरबी काढून टाकायला सांगू नका.

रविवारी सकाळी आणलेलं मटण दुपारी भाजलं तर?

चिवट लागेल, आणि लोक निखाऱ्याला दोष देतील. जनावर कापल्यावर काही तासांत स्नायू आखडतात आणि मग हळूहळू सैल होतात. रश्श्यात तासभर शिजताना हे कळून येत नाही. दोन-चार मिनिटांत भाजलेल्या चापेत मात्र लगेच कळतं. शनिवारी आणा, उघड्या ताटलीत फ्रिजमध्ये रात्रभर ठेवा. आखडलेपण जाईल आणि वरचा भागही आपोआप कोरडा होईल. भाजण्याआधी अर्धा तास बाहेर काढा. आपल्याकडच्या उन्हाळ्यात, बेचाळीस-पंचेचाळीस अंशांत, तेवढाही वेळ बाहेर ठेवू नका.

मसाला कधी लावायचा?

नंतर. पहिल्या वर्षी मी आलं-लसूण, काळा मसाला, दही असं सगळं चोपडून चापा निखाऱ्यावर ठेवल्या होत्या. मसाला मटणावर न राहता निखाऱ्याला चिकटला. जो राहिला तो कोळसा झाला, आणि ओलाव्यावर राखेचा लेप बसला. चार किलो मटण धुवून रश्श्यात टाकावं लागलं.

आधी फक्त मीठ. ते एकतर ठेवायच्या क्षणी लावा, नाहीतर पाऊण-एक तास आधी. मधल्या वेळेत लावलं तर मिठाने पाणी सुटतं आणि ते परत आत मुरायला सवड मिळत नाही, म्हणजे ओलं मटण निखाऱ्यावर जातं. तासभर आधी लावलं असेल तरी शेवटी फडक्याने टिपायचंच. तेल लावू नका, भडका होतो.

मसाल्याची तयारी परातीत करून ठेवा: शेंगदाण्याचं तेल, ठेचलेला लसूण, निखाऱ्यावर भाजून कुटलेल्या हिरव्या मिरच्या, कोथिंबीर, चिमूटभर काळा मसाला, लिंबू. चापा निखाऱ्यावरून उतरल्या की थेट या परातीत लोळवायच्या. गरम मटणाचा रस त्यात उतरतो, लसणाचा कच्चेपणा जातो. सोबत कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकरी. भाकरीच्या तुकड्याने ती परात पुसून खाण्यात अर्धा आनंद आहे.

किती वेळ ठेवायचं?

दीड-दोन इंच जाड चापेला एका बाजूने अडीच ते तीन मिनिटं, मग उलटून तितकंच, आणि चरबीची कड खाली करून अर्धा मिनिट. ठेवल्यावर हलवू नका. सुरुवातीला चरचर आवाज जोरात येतो. तो उतरू लागला की चिमट्याने कोपरा उचलून बघा. सुटून येत असेल तर उलटायची वेळ झाली. अडत असेल तर ओढू नका, अजून थोडा वेळ जाऊ द्या.

उतरल्यावर पाच मिनिटं तशीच राहू द्या. लगेच कापली तर सगळा रस ताटात जातो.

आतून गुलाबी राहिलं तर चालेल का? घरचे खाणार नाहीत.

मटणाच्या अखंड तुकड्यासाठी सुरक्षित मानलेलं आतलं तापमान ६३ अंश सेल्सियस, आणि त्यानंतर निदान तीन मिनिटं थांबायचं. या टप्प्यावर मधला भाग हलका गुलाबी दिसतो. ६३ च्या वर गेलं आहे की नाही हे नजरेने ओळखता येत नाही, अन्नात खुपसायचा साधा थर्मामीटर घ्या. खिम्याला ७१ अंश लागतात, कारण खिमा करताना बाहेरचे जंतू आत मिसळलेले असतात. लहान मुलं, गरोदर बायका आणि म्हातारी माणसं यांना गुलाबी मटण देऊ नका.

गुलाबी नको असेल तर चाप निखाऱ्यावर जास्त वेळ ठेवून उपयोग नाही, बाहेरून जळेल. दोन्ही बाजूंनी कवच धरलं की ती निखाऱ्याच्या कडेला तापलेल्या खापरावर किंवा तव्यावर काढा, वर झाकण ठेवा आणि मंद उष्णतेवर पाच-सात मिनिटं राहू द्या.

आमच्याकडचं बोकड जून आहे. काहीच करता येणार नाही?

येतं, आणि खानदेशी घरासाठी मला हीच रीत सगळ्यात योग्य वाटते. मटणाचे मोठे तुकडे हळद, मीठ, आलं-लसूण घालून नेहमीसारखे अळणी, म्हणजे तिखट-मसाला न घालता, शिजवून घ्या, पण पूर्ण नाही. बोटाने दाबल्यावर मऊ लागावं, हाडापासून सुटू नये. बाहेर काढा, थंड होऊ द्या, नीट टिपून घ्या. मग एकेक तुकडा लाल निखाऱ्यावर प्रत्येक बाजूने मिनिटभर. आत शिजलेलंच आहे, त्यामुळे कच्चेपणाची धास्ती नाही, आणि वर कवच खणखणीत येतं.

मागे उरलेलं पाणी म्हणजे सगळा अर्क. त्यात भाजल्या कांदा-खोबऱ्याचं काळं वाटण घालून रस्सा करा आणि वाढताना निखाऱ्यावरचे तुकडे वरून सोडा. रश्श्यात आधीपासून टाकून शिजवलेत तर कवच मऊ पडतं आणि सगळा खटाटोप वाया जातो. आमच्या घरातली दात नसलेली मंडळीही हे मटण आवडीने खातात.

कच्ची पपई लावली तर मऊ होईल ना?

होईल. शहाद्याकडे पपईचे मळेच्या मळे आहेत, चीक असलेली कच्ची पपई सहज मिळते. त्यातलं पपेन प्रथिनं तोडतं. पण ते वरच्यावरच काम करतं, जाड तुकड्याच्या आत पोचत नाही. रात्रभर लावून ठेवलं तर वरचा थर पिठासारखा होतो आणि निखाऱ्यावर तुटून पडतो. किलोला चमचाभर गर, अर्धा तास, मग पुसून काढा. चांगलं कवळं बोकड असेल तर पपईची गरज नाही.

कोंबडी, मासे, कलेजी?

कलेजी झकास होते. वरचा पातळ पापुद्रा काढा, मोठे तुकडे ठेवा, मधला गुलाबीपणा पूर्ण जाईपर्यंत भाजा. जास्त झाली की रबर होते, तेव्हा तिथून हलू नका.

मासा खवल्यांसकट ठेवायचा. खवले आणि कातडी हेच त्याचं झाकण. खाताना ते सोलून टाकायचं. कातडी नसलेले तुकडे असतील तर केळीच्या पानात गुंडाळा. केळीच्या पानाची आपल्याकडे कमी नाही.

कोंबडीसाठी मी ही पद्धत सांगणार नाही. आतून ७४ अंश होईपर्यंत बाहेरून ती जळते, आणि आपल्याकडे कोंबडी सोलून मिळते, त्यामुळे कातडीचं संरक्षणही नसतं.

जळकं मटण खाल्ल्याने कर्करोग होतो म्हणतात. खरं काय?

या प्रश्नाला टाळाटाळ करू नये असं मला वाटतं. मांस फार तापलं की त्यात काही घातक संयुगं तयार होतात, आणि चरबी जळून उठलेल्या धुरातून आणखी काही त्यावर बसतात. प्रयोगशाळेत ती जनुकांना इजा करताना दिसली आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये लाल मांसाला 'बहुधा कर्करोगकारक' या गटात ठेवलं. बोकडाचं मटण लाल मांसातच येतं.

थेट निखाऱ्यावर ज्वाळा कमी उठते हे खरं, पण धोका शून्य होत नाही. आम्ही काय करतो ते सांगतो. हे वर्षातून चार-पाच वेळा, रोज नाही. कवच गडद तपकिरी ठेवायचं. कोळशासारखा काळा झालेला भाग कापून टाकायचा, पोरांच्या ताटात तर जाऊच द्यायचा नाही. आणि आधी शिजवून मग भाजायची वरची रीत जास्त वापरायची, कारण त्यात मटण निखाऱ्यावर कमी वेळ राहतं.

पावसाळ्यात घरात किंवा गच्चीवर करता येईल का?

घरात नाही. पेटत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि बंद खोलीत तो माणसाला झोपेतच मारतो. खिडकी उघडी आहे म्हणून शेगडी आत आणू नका. विझत आलेली शेगडी ऊब म्हणून खोलीत ठेवणं तितकंच घातक आहे.

गच्चीवर करता येईल, पण शेगडीत किंवा विटांवर ठेवलेल्या घमेल्यात. एकदा आखाडीला मी गच्चीच्या कोब्यावरच निखारे पसरले. दहा मिनिटांत फाट् असा आवाज झाला आणि सिमेंटच्या कपच्या उडाल्या. एक माझ्या भाच्याच्या पायाजवळ येऊन पडली. कोब्यात मुरलेल्या पाण्याची वाफ होऊन तो फुटला होता. याच कारणाने नदीपात्रातले गोटे चुलीला लावू नका. तापीतून उचललेला गोटा वरून कोरडा दिसला तरी आत पाणी धरून असतो. दमट कोळसाही तडतडून ठिणग्या उडवतो, म्हणून पोतं पावसाळ्यात घरात, जमिनीपासून उंचावर ठेवा.

उरलेल्या निखाऱ्यांचं काय करायचं?

पुढच्या काळ्या मसाल्याचा कांदा त्यात पुरून ठेवा, सालीसकट. शेजारी खोबऱ्याच्या वाट्या. जेवण होईपर्यंत कांदा आतून मधासारखा मऊ झालेला असतो.

नंतर मात्र निखारे असेच सोडून निघू नका. राखेखाली झाकलेला निखारा दुसऱ्या दिवशीपर्यंत जिवंत राहू शकतो, आणि मळ्यात शेजारीच कडब्याची गंजी असते. फेब्रुवारीनंतर वारा सुटला की एक ठिणगी पुरते. बादलीभर पाणी ओता, काठीने ढवळा, पुन्हा ओता, आणि वर हात धरून बघा. कोळसा वाचवायचा असेल तर पत्र्याच्या डब्यात भरून झाकण घट्ट लावा. हवा तुटली की तो विझतो, आणि पुढच्या वेळी आधी तोच पेट घेतो.